परिसराची अक्षरओळख

साक्षर कोणास म्हणावे, याविषयी जनगणनेने एक सोपी व्याख्या ठरविली आहे. वयाची सात वर्षे पूर्ण झालेल्या ज्या मनुष्यास कोणतीही एक भाषा समजून वाचता व लिहिता येते, त्यास साक्षर समजावे, अशी ती व्याख्या. २०११ च्या जनगणनेत या कसोटीस उतरलेल्या मुंबईकरांचे प्रमाण सुमारे ९० टक्के भरले. ज्या प्रांतात १८४८ साली मुलींना शिकवावयास निघालेल्या सावित्रीबाई फुले यांना लोकनिंदा आणि शेणमाती सोसावी लागली, त्या प्रांतास हा आकडा अभिमानास्पद वाटावा, हे योग्यच आहे.

परंतु याच साक्षर नागरिकास एक साधा प्रश्न विचारून पाहावा. सकाळी नळाची चावी फिरविताच जे पाणी त्याच्या तांब्यात पडते, ते कोणत्या नदीचे? पुष्कळदा उत्तर मिळते, ‘महानगरपालिकेचे’. हे उत्तर चूक म्हणता येत नाही. पण दूध कोणाचे असे विचारले असता ‘गवळ्याचे’ म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. गाईचे नावच त्यात नाही. मग ती गाय कोणत्या रानात चरते, तिला चारा पुरतो की नाही, हे प्रश्न तर फार पुढचे.

परिसराच्या शास्त्रास युरोपीय भाषांत जे नाव आहे, ते १८६६ साली अर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने घडविले. घर या अर्थाचा एक ग्रीक शब्द त्याने त्यासाठी घेतला. मनुष्य, पशुपक्षी, झाडे, माती, पाणी व हवा ही एकाच घरातील मंडळी असून त्यांचे परस्परांशी नाते काय, हे जाणणारी विद्या ती परिसरविद्या. पुढे १९९२ साली डेव्हिड ऑर या अमेरिकन अध्यापकाने या विद्येच्या प्राथमिक ज्ञानास साक्षरतेची उपमा देऊन त्यावर एक ग्रंथच लिहिला. उपमा मार्मिक आहे. अक्षरे ओळखता आली, पण त्यांचा शब्द जुळविता आला नाही, तर वाचता येते असे कोणी म्हणत नाही. त्याचप्रमाणे झाडाचे व पाखराचे नाव ठाऊक असून त्यांचा एकमेकांशी आणि पाहणाऱ्याशी संबंध काय हे उमगत नसेल, तर त्या मनुष्याची परिसरविद्येतील मजल बाराखडीपर्यंतच गेली, असे मानावे लागेल.

ही निरक्षरता निरुपद्रवी असती, तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. ती किती महाग पडते, हे मुंबईने २६ जुलै २००५ या दिवशी पाहिले. त्या दिवशी सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच शहराच्या दक्षिण टोकास, कुलाब्यास, मात्र पाऊस झाला तो सुमारे ७३ मिलिमीटर. दुपारी समुद्रास मोठी भरती होती. उपनगरांतील पाण्यास वाट मिळेना. ते रस्त्यांवर चढले, तळमजल्यांत शिरले, रेल्वेगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि शेकडो मुंबईकर प्राणास मुकले. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत एक नाव वारंवार येऊ लागले : मिठी नदी. मुंबईत नदी आहे, ही वार्ता कित्येकांनी तेव्हा प्रथमच ऐकली. तिच्या काठी जन्म घालविलेले लोकही तिला नाला म्हणत होते.

मिठी नदी विहार तलावाच्या पायथ्याशी सुरू होते, पवईचे ओसंडलेले पाणी पोटात घेते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहत जाऊन माहीमच्या खाडीत समुद्रास मिळते. एके काळी तिच्या मुखाशी विस्तीर्ण खाजणे होती. भरतीचे व पुराचे पाणी तेथे पसरे, तिवरांच्या मुळांशी गाळ टाकी व सावकाश ओसरे. त्या खाजणांत भराव पडला व त्यावर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. विमानतळाची धावपट्टी वाढली, तेव्हा नदीस अंग चोरून वळणे घ्यावी लागली. काठावर कारखाने आले, गोदामे आली, ज्यांना अन्यत्र थारा नव्हता अशा गरिबांच्या झोपड्या आल्या. पात्र अरुंद झाले. त्यात घाण पाणी, राडारोडा आणि प्लास्टिक यांची भर पडत गेली. यांतील एकही गोष्ट रात्रीच्या अंधारात झाली नाही. सारे काही वर्षानुवर्षे, भर दिवसा, साक्षर नागरिकांच्या डोळ्यांदेखत झाले. ज्यास नाला म्हणतात, त्याची रुंदी घटली तर कोणी हरकत घेत नाही. एक चुकीचा शब्द किती मोठ्या चुकीस पांघरूण घालू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. पुराच्या कारणांचा शोध घेण्यासाठी जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, नदीच्या विकासासाठी व संरक्षणासाठी प्राधिकरणही स्थापन झाले. अधिकाऱ्यांनी व अभियंत्यांनी करावयाचे ते काम. पण नदीस नदी म्हणून ओळखण्याचे काम कोणत्याही समितीवर सोपविता येत नाही.

याच शहरात परिसराची लिपी उत्तम वाचणारी माणसेही आहेत. मात्र त्यांची गणना सहसा विद्वानांत होत नाही. वेसाव्याचा किंवा वरळीचा वृद्ध कोळी घड्याळाकडे न पाहता भरती-ओहोटीची वेळ सांगतो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांग यांचे गणित त्याच्या जिभेवर असते. पावसाळ्यात मासळी अंडी घालते म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ वाहिल्यानंतर नव्या हंगामास लागावयाचे, हा त्याचा धर्मही आहे आणि शास्त्रही. खाजणातील तिवर तोडला की कोळंबी व निवटी कमी का होतात, हे सांगण्यास त्याला पुस्तक लागत नाही. कचरा वेचणाऱ्या स्त्रिया नुसत्या हाताने चाचपून प्लास्टिकचे प्रकार ओळखतात आणि कोणते पुन्हा उपयोगास येईल, कोणते येणार नाही, याचा निवाडा क्षणात करतात. त्यांनी फुकट शिकवावयाचे म्हटले, तरी गृहनिर्माण संस्थांच्या पायऱ्या त्यांना चढू देतील की नाही, हा प्रश्नच आहे.

फार मागे जावयाचे, तर कान्हेरीच्या डोंगरात जावे. तेथील शंभरांहून अधिक लेण्यांपैकी कित्येकांच्या दाराशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. उतारावरून येणारे पावसाचे पाणी पन्हळींवाटे त्यांत उतरावे, अशी योजना प्राचीन भिक्षूंनी केली होती. टाकी खोदवून दान करणाऱ्या भाविकांची नावे तेथील शिलालेखांत आहेत. ज्या डोंगरावर ही लेणी आहेत, त्याच डोंगराच्या कुशीत आज विहार व तुळशी हे तलाव आहेत आणि तेथूनच मिठी, दहिसर, पोयसर व ओशिवरा या चारही नद्यांचे पाणी निघते. त्या डोंगरास शहर ओळखते ते प्रायः बिबट्यांच्या वार्तांमुळे.

तर मग नागरिकांची परिसरसाक्षरता मोजावी कशी? १९८१ साली ‘कोएव्होल्युशन क्वार्टरली’ या अमेरिकन नियतकालिकात चार लेखकांनी मिळून एक प्रश्नमंजूषा प्रसिद्ध केली. तिच्यातील वीस प्रश्नांत शास्त्रीय संज्ञा जवळजवळ नव्हत्याच. वाचकाच्या घरी येणारे पाणी कोठून निघते, त्याचा कचरा कोठे जातो, पौर्णिमेस किती दिवस उरले, तो जेथे बसला आहे तेथून उत्तर दिशा कोणती, असेच ते प्रश्न होते. त्यांची खुबी अशी, की त्यांची उत्तरे गावोगाव निराळी. एका गावचे उत्तर पाठ करून दुसऱ्या गावी उत्तीर्ण होता येत नाही.

मोजणीचे खरे तत्त्व येथे हाती लागते. ‘महाराष्ट्राचे राज्यपुष्प कोणते?’ या प्रश्नाचे उत्तर ‘ताम्हण’ असे देणारे विद्यार्थी हजारो सापडतील. पण ‘तुमच्या रस्त्यावर ताम्हण आहे काय, आणि ते कोणत्या महिन्यात फुलते?’ असे विचारले, की माहिती संपते आणि पाहणे सुरू होते. पहिल्या प्रश्नाने स्मरणशक्तीची परीक्षा होते, दुसऱ्याने डोळ्यांची. गुलमोहर मादागास्करहून आला आणि पर्जन्यवृक्ष अमेरिकेहून, एवढे ठाऊक असणे चांगलेच. परंतु अंगणातल्या उंबरावर कोणकोणती पाखरे उतरतात, हे ज्याने मोजले आहे, त्याला अधिक गुण मिळावयास हवेत.

पाण्याच्या एका प्रश्नातूनच केवढा विस्तार होतो, पाहा. मुंबईस सात तलावांचे पाणी येते. त्यांपैकी १८६० साली पूर्ण झालेला विहार आणि १८७९ चा तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. १८९२ चा तानसा, १९५७ चा मोडकसागर, भातसा, ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ साली पुरा झालेला मध्य वैतरणा हे दूर ठाणे, पालघर व नाशिक या जिल्ह्यांत, सह्याद्रीच्या बाजूस आहेत. सर्वांत मोठा वाटा भातसाचा. त्याचे पाणी नदीतून पिसे येथे येते, तेथे उपसले जाते, शुद्ध होते आणि मग शहराकडे निघते. दररोज ३५० कोटी लिटरांहून अधिक पाणी अशा प्रकारे मुंबईत येते. आणि भातसा व तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवरील स्त्रिया उन्हाळ्यात रिकामी भांडी घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. धरण उशाशी, कोरड घशाशी, असा हा प्रकार. ‘पाणी कोठून येते?’ या प्रश्नाचे पूर्ण उत्तर द्यावयाचे, तर या स्त्रियांचाही त्यात समावेश झाला पाहिजे. एरवी ते उत्तर भूगोलाचे झाले. परिसरविद्येचे झाले नाही.

या मोजणीत फसगत होण्याच्या जागाही आहेत. पहिली जागा शाळेची. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा, असा निर्देश दिला. हेतू थोर होता. परंतु पुस्तकातील व्याख्या उतरवून पैकीच्या पैकी गुण मिळवावे आणि परीक्षेहून परतताना चॉकलेटचे वेष्टन गटारात टाकावे, असे घडत असेल, तर त्या गुणांनी काय मोजले? दुसरी जागा नागरिकांच्या सभ्यतेची. ओला व सुका कचरा निरनिराळा ठेवता काय, असे दारात उभे राहून विचारले, तर कोणता सद्गृहस्थ ‘नाही’ म्हणेल? २०१६ च्या नियमांनी हे कर्तव्य प्रत्येक घरावर घातले, हे त्यास ठाऊक असते. म्हणून त्याच्या उत्तराची नोंद करण्याऐवजी त्याच्या इमारतीखालचे दोन डबे तराजूत घालावेत. तराजूस भीड नसते. मोजणीसाठी माणसे निवडतानाही चिठ्ठ्याच टाकाव्यात; जे आपण होऊन पुढे येतात, ते बहुधा निसर्गप्रेमी असतात आणि त्यांचे गुण साऱ्या शहराचे म्हणून मिरविले जातात.

तिसरी जागा अधिक नाजूक आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण धरले जाते. वस्तीत राहणाऱ्या कुटुंबास त्याचा लहानसा अंशच मिळतो. त्याची काटकसर ही निवड नसून नाइलाज असतो. उलट सर्व प्रश्नांची अचूक उत्तरे देणारा सुशिक्षित गृहस्थ मोटार धुण्यासाठी नळी मोकळी सोडतो, वातानुकूलित खोलीत बसतो आणि सुटीत विमानाने अरण्य पाहावयास जातो. ज्ञान एका तागडीत व भार दुसऱ्या तागडीत घालून दोहोंची नोंद निरनिराळी केली नाही, तर ज्याचा भार सर्वांत मोठा त्यासच पहिले पारितोषिक द्यावयाची पाळी येईल. हा दोष प्रश्नपत्रिकेचा नव्हे, वाचलेले न आचरण्याच्या जुन्या खोडीचा आहे. पण मोजणी करणाऱ्याने तो दृष्टीआड करू नये.

मोजणीचा उपयोग अखेर सुधारणेसाठी. सुधारणा व्याख्यानांनी होते असा समज आहे. अनुभव निराळा आहे. सालिम अली (१८९६–१९८७) हे मुंबईत वाढले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली, तेव्हा तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. असली चिमणी त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. तिचे नाव विचारावयास ते १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत भीत भीत गेले. तेथील मानद चिटणीस मिलर्ड यांनी मुलास हाकलून दिले नाही. त्यांनी पक्षी ओळखला, कपाटे उघडून पेंढा भरलेले नाना प्रकारचे पक्षी दाखविले, वाचावयास पुस्तके दिली. भारतास त्याचा थोर पक्षितज्ज्ञ मिळाला तो या भेटीतून. येथे दोन गोष्टी जुळून आल्या : मुलाने प्रश्न घेऊन जावे एवढे कुतूहल, आणि प्रश्न ऐकून घेणारे एक उघडे दार. पहिली गोष्ट शहरातील मुलांत आजही विपुल आहे. दुसरीची टंचाई आहे.

तशी दारे उघडणे फार खर्चाचे नाही. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महाराष्ट्रातील शहरांत दर पाच वर्षांनी झाडांची गणना व्हावयाची असते. हे काम ठेकेदाराच्या माणसांनी उरकावे, त्याऐवजी प्रत्येक रस्त्याची झाडे त्या रस्त्यावरील शाळेच्या मुलांनी कोणा जाणत्यासह मोजली, तर झाडांची नोंद होईल व मुलांची झाडांशी ओळखही होईल. पाण्याच्या देयकावर लिटरांच्या शेजारी त्या धरणाचे नाव छापता येईल. कोळीवाड्यातील वृद्धास शाळेत बोलावून खुर्चीवर बसविता येईल. एखादा वर्ग देवनारच्या कचराभूमीपर्यंत नेता येईल. १९२७ पासून शहराने टाकलेले सारे काही तेथे डोंगर होऊन बसले, आणि जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगरास आग लागली तेव्हा धुराने शहराचा श्वास कोंडला. टाकलेली वस्तू ‘दूर’ जात नाही, ती कोणाच्या तरी दाराशी जाते, हे तेथे उभ्या राहिलेल्या मुलास वेगळे शिकवावे लागत नाही.

निसर्गप्रेमाची फॅशन मात्र येथे फारशी कामास येणार नाही. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत व शिवडीच्या किनाऱ्यावर हजारो रोहित पक्षी उतरतात, आणि त्यांची छायाचित्रे घेण्यास गर्दी लोटते. त्या खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ साली तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. हे सारे उत्तम. पण पक्षी येतात ते चिखलासाठी. त्यातील सूक्ष्म शेवाळ व बारीक जीव हे त्यांचे अन्न. गुलाबी पंखांचे कौतुक करणारे किती जण त्या काळ्या, वास मारणाऱ्या चिखलाच्या बाजूने उभे राहतील? २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीस मनाई केली, २०२० साली पांढरी चिप्पी हा राज्याचा खारफुटी वृक्ष ठरला. तरीही खाजण म्हणजे पडीक जमीन, ही समजूत अनेकांच्या मनातून गेलेली नाही.

कोणी म्हणेल, दोन वेळच्या लोकलच्या गर्दीत चिरडून निघणाऱ्या मनुष्यास हे जाणून घेण्यास सवड कोठे? आणि जाणून तरी तो काय करणार? नळ, गटारे व कचरा यांची व्यवस्था करण्यास महानगरपालिका आहे, तीस तो कर देतो. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. एकट्या नागरिकाच्या हाती थोडेच असते. परंतु पालिकेचे अंदाजपत्रक नागरिकांच्या मागण्यांवर ठरते आणि मागणी ज्ञानावर. रस्त्यातील खड्डा दिसतो, म्हणून त्याविषयी तक्रार होते. नदीचे पात्र आखडलेले दिसत नाही, कारण पूर्वी ते केवढे होते हे कोणास ठाऊक नसते; त्याविषयी तक्रार कोण करणार? आणि लोकलच्या गर्दीतल्या मनुष्याची सवड म्हणावी, तर दहिसर नदीवरून त्याची गाडी रोज दोनदा जाते. खिडकीजवळची जागा मिळाली नाही, तरी पुलावरचा बदललेला आवाज त्याच्या कानी पडतोच.

शहराच्या प्रत्येक विभागाने पाच वर्षांतून एकदा, झाडांच्या गणनेबरोबर, अशी मोजणी करावी. तेथील शिक्षक, अभियंता आणि एखादा जुना रहिवासी यांनी मिळून आपल्या विभागाचे प्रश्न काढावेत. दादरचे निराळे, बोरिवलीचे निराळे. कुर्ल्याच्या लोकांसाठी एक प्रश्न तर दर पावसाळ्यात तयारच असतो. त्या दिवसांत एके सकाळी वर्तमानपत्रात बातमी येते, की विहार तलाव काठोकाठ भरून ओसंडू लागला. वर्षाच्या पाण्याची काळजी थोडी हलकी झाली म्हणून वाचणारास समाधान वाटते. ओसंडलेले पाणी तेथून कोठे गेले, एवढेच त्याला विचारावयाचे. ते पवईच्या पाण्यास भेटून कुर्ल्याच्या दिशेने निघालेले असते, आणि समुद्रात भरतीची वेळ कोणती, हे त्या दिवशी पाहावयाचे असते.